गोव्याची हवा रंगवायची कशी? डिजिटल निसर्गचित्रातली खोली, उजेड आणि पर्स्पेक्टिव्ह

खाजनकाठ (धागाकर्ता)
शुक्रवार, रात्री 9:12

नमस्कार मंडळी. इथे डिजिटल चित्रं टाकणारे बरेच जण गोव्यातले आहेत. अलीकडची चित्रं ओळीने पाहिली आणि एक गोष्ट खटकली, म्हणून हा धागा. दिवाडीचं खाजन (खाडीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल शेतं) असो, सत्तरीचा डोंगर असो की बेतूलचा धक्का, लांबचं सगळं निळं! स्वित्झर्लंडच्या कॅलेंडरवर असतं तसं. यूट्यूबवरचे बहुतेक धडे आल्प्स नाहीतर रॉकीज समोर ठेवून केलेले असतात. तिथली हवा कोरडी, उंचावरची. आपली हवा समुद्राची, आणि वर्षातले कित्येक महिने तिच्यातून दिसणारा डोंगर निळा नसतोच.

हवेचे रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा फार लहान असतात. ते निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे चौपट विखुरतात. मध्ये मैलोन् मैल स्वच्छ हवा असली की डोंगर निळा दिसतो तो त्यामुळे. किनाऱ्यावर मात्र हवेत मिठाचे बारीक कण असतात, ते दमटपणात पाणी शोषून फुगतात. हे कण रेणूंपेक्षा कितीतरी मोठे, आणि सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. त्यामुळे आपल्याकडचा धूसरपणा पांढरट, दुधी. मे महिन्यातल्या सकाळी पूर्वेकडे बघा, सह्याद्रीची कड आकाशात कुठे मिसळते ते शोधावं लागतं.

तर माझं म्हणणं असं की लांबचं निळं करू नका, आकाशाच्या बुडाच्या रंगाकडे न्या. क्षितिजाला टेकलेल्या आकाशाचा रंग पिकरने उचलायचा आणि तोच 'हवा' म्हणून वापरायचा. सकाळी तो दुधी पिवळसर असेल, पावसाळ्यात करडा, संध्याकाळी गुलाबी. आकाश बदललं की हवा आपोआप बदलली पाहिजे. तसं झालं नाही तर डोंगर दुसऱ्याच चित्रातून कापून आणल्यासारखा दिसतो.

मी लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, असे लावतो: सगळ्यात खाली आकाश, त्यावर डोंगर, मग लांबची माडांची रांग, मग शेत, मग जवळचा बांद (बांध). प्रत्येक दोन थरांच्या मध्ये एक हवेचा लेयर. नॉर्मल मोड, मोठा मऊ ब्रश, ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा) 10 ते 25 टक्के, खालच्या बाजूला दाट आणि वर विरळ, कारण दमट हवा जमिनीलगत जास्त साठते. डोंगराचा माथा पायथ्यापेक्षा ठळक दिसतो ही साधी गोष्ट चित्रात आली की निम्मं काम झालं.

तुमचे अनुभव लिहा. वाद घातलात तरी चालेल.

सत्तरीकर
शुक्रवार, रात्री 10:05

वाद घालतोच. तुम्ही किनाऱ्यावर बसून लिहिताय. वाळपईकडे या ऑक्टोबरात, पाऊस थांबल्यावर. हवा धुऊन निघालेली असते, वाघेरीचा डोंगर हात लावावा इतका जवळ येतो, आणि त्यामागच्या रांगा निळ्याच दिसतात. जांभळट निळ्या. मी डोळ्यांनी बघून रंगवतो, यूट्यूब बघून नाही.

दुसरं म्हणजे धुकं आणि तुम्ही म्हणता तो धूसरपणा हे वेगळं. थंडीत सकाळी आमच्याकडे दरीत धुकं बसतं, त्याला वरची कड असते. कुळागर, म्हणजे पोफळींची बाग, बुडालेलं आणि वर पोफळींचे शेंडे तेवढे बाहेर. तिथे मऊ ब्रश फिरवला तर चित्राची वाट लागते. ती कड दिसलीच पाहिजे.

खाजनकाठ
शुक्रवार, रात्री 10:31

मान्य. ऑक्टोबरचं तर शंभर टक्के मान्य. म्हणजे नियम "पांढरं करा" असाही नाही. महिना कुठला, वेळ कुठली, आपण बघतोय कुठे, हे आधी ठरवायचं आणि मग रंग.

पिसोळें
शनिवार, सकाळी 7:20

त्यात सूर्याची बाजूही धरा. हवेतले मोठे कण उजेड मुख्यतः पुढच्या दिशेने फेकतात. म्हणून सूर्याकडे तोंड केलं की धूसरपणा झळाळतो, आणि सूर्य पाठीशी घेतला की तीच हवा जवळजवळ नाहीशी होते. सकाळी सह्याद्रीकडे बघणं म्हणजे सूर्याकडे बघणं, डोंगर विरतो. संध्याकाळी सूर्य समुद्रावर, पाठीमागे, तेव्हा तोच डोंगर घड्या मोजता येतील इतका स्पष्ट होतो. एकाच जागेवरून, एकाच दिवशी.

एकच चित्र रंगवून नंतर वर "सकाळ" आणि "संध्याकाळ" असे रंगांचे फिल्टर टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. नुसता रंग बदलून भागत नाही, मागच्या थरांचा उठावच बदलतो.

कुळागरची सून
शनिवार, सकाळी 8:02

मी या विषयात अगदी नवीन. सासरी सावईवेऱ्याला आमचं कुळागर आहे, तेच रंगवायचंय. आयपॅड घेण्याइतके पैसे नाहीत, जुना लॅपटॉप आणि एक साधा पेन टॅबलेट आहे. काय वापरू? आणि माझी सगळी चित्रं हिरव्या लगद्यासारखी दिसतात. हिरव्यावर हिरवं, त्यावर हिरवं. त्यावर काही उपाय?

पिसोळें
शनिवार, सकाळी 8:40

क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे आणि पुरून उरतं. प्रोक्रिएट आयपॅडवरच चालतं, त्यामुळे तो विचार सोडाच. क्रितामध्ये एक सोय जरूर शिकून घ्या: थरांचा ग्रुप करून वरच्या लेयरला 'इनहेरिट अल्फा' लावणं. मग माडांच्या रांगेवर उजेड टाकताना रंग रांगेबाहेर जात नाही.

हिरव्या लगद्याचं बघायला सगळ्यात वर एक लेयर घाला, तो पूर्ण काळा भरा आणि त्याचा ब्लेंड मोड (खालच्या थरांत मिसळायची पद्धत) 'कलर' करा. चित्र कृष्णधवल दिसेल. काम करताना त्या लेयरचा डोळा (दाखवा-लपवा बटण) अधूनमधून उघडझाप करत राहा. कृष्णधवलमध्ये पोफळी, केळी आणि मागचा डोंगर एकाच करड्या रंगाचे दिसले तर दोष हिरव्याचा नाही, उजळ-गडदपणाचा आहे. आधी तीनच छटांत (उजळ, मध्यम, गडद) चित्र मांडा. नंतर रंग हवा तो द्या.

मळेकर
शनिवार, सकाळी 11:15

सूनबाई, कुळागराबद्दल मी सांगतो, त्यातच वाढलोय. कुळागर हा उघडा देखावा नाही, आतून बघायची जागा आहे. डोक्यावर पोफळींचं छत, खाली मिरवेल, केळी, अळू, आणि पाटातून पाणी. उजेड वरून तुटक तुटक येतो. तिथे लांबचं फिकट होत नाही, कित्येकदा लांबचं गडद होतं आणि मध्येच कुठेतरी छत उघडं असतं तिथे लख्ख. म्हणजे वर सांगितलेला हवेचा सगळा नियम तिथे उलटा. खोली आणायची तर गडद, उजळ, गडद असे पट्टे एकामागे एक ठेवा. नजर त्या उजेडाच्या तुकड्यांवरून आत जाते.

आणि हिरवे दोन आहेत हे विसरू नका. उजेड पानाच्या आरपार येतो तेव्हा पान पिवळं-पोपटी, केळीच्या पानात तर पेटल्यासारखं. तेच पान वरून उजेड परतवतं तेव्हा त्यावर आकाश दिसतं, निळसर पांढरं. माडाची झावळी चकचकीत असते, भर दुपारी ती हिरवी कमी आणि रुपेरी जास्त. प्रीसेटमधला तो तयार 'लीफ ग्रीन' आहे ना, तो डिलीट करून टाका.

कुळागरची सून
शनिवार, दुपारी 12:10

देव बरें करूं, काका! "लांबचं गडद" हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं.

चिरेबंदी
शनिवार, रात्री 9:48

धागा हवेत चाललाय, जरा जमिनीवर आणतो. मी घरं काढणारा माणूस, त्यामुळे पर्स्पेक्टिव्हबद्दल.

पहिलं, क्षितिजरेषा म्हणजे डोंगराची कड नव्हे. ती तुमच्या डोळ्याची उंची. खाजनात उभे असाल तर समोर डोंगर असल्यामुळे खरं क्षितिज दिसतच नाही, ते डोंगराच्या पायथ्याजवळ कुठेतरी असतं. बरेच जण रेषा डोंगरमाथ्यावर धरतात आणि मग शेत भिंतीसारखं उभं राहतं. पडताळा सोपा आहे. सपाट मळ्यात तुमच्याइतक्या उंचीची माणसं काढा, जवळची आणि लांबची. सगळ्यांचे डोळे त्या एकाच रेषेवर आले पाहिजेत, मग माणूस दहा पावलांवर असो की अर्ध्या किलोमीटरवर. बांदावर बसून बघत असाल तर रेषा त्यांच्या कमरेवरून जाईल. एक आकृती जरी रेषेवरून घसरली तरी ती बुटकी किंवा राक्षस दिसते.

दुसरं, बांदावरची माडांची रांग. सारख्या अंतरावरची झाडं चित्रात हळूहळू जवळ येतात हे सगळे जाणतात, पण किती जवळ हे अंदाजाने करतात. गरज नाही. पहिला आणि दुसरा माड उभा करा. बुंध्यांची रेषा, शेंड्यांची रेषा आणि दोन्हींच्या बरोबर मधली रेषा, तिन्ही एकाच लोपबिंदूकडे (लांब जाणाऱ्या समांतर रेषा चित्रात जिथे मिळतात तो बिंदू) न्या. आता पहिल्याच्या शेंड्यापासून दुसऱ्याच्या मध्यबिंदूतून एक तिरकी रेषा ओढा. ती खालच्या रेषेला जिथे मिळते तिथे तिसऱ्याचा बुंधा. मग दुसऱ्यापासून चौथा, आणि तसंच पुढे. मांडवीवरच्या पुलांचे खांब, रायबंदरच्या रस्त्यावरचे दिवे, सगळ्याला हेच चालतं. खरे माड अर्थात कवायत करत नाहीत, वाकडे असतात, एखादा पडलेला असतो. आधी शिस्तीत मांडा, मग मोडा.

सरावासाठी पणजी-रायबंदर रस्त्यासारखी जागा नाही. 1633-34 मध्ये बांधलेला पोंत द लिन्यारिश, सुमारे तीन किलोमीटर, एका बाजूला मांडवी. एवढा सपाट आणि लांब रस्ता गोव्यात दुसरीकडे शोधावा लागेल.

तिसरं चढ-उतार, आणि इथे सगळे अडकतात. फोंताइन्यसमधून आल्तिनोकडे चढणारी गल्ली घ्या. घरांच्या खिडक्या, बल्कांवाचे (दारापुढच्या ओसरीचे) कठडे, कौलांच्या खालच्या कडा आडव्याच असतात, त्या क्षितिजरेषेवरच्या लोपबिंदूकडे जातात. रस्ता मात्र चढतोय. त्याच्या कडांचा लोपबिंदू वेगळा, पहिल्याच्या बरोबर वर. तुम्ही वरून खाली बघत असाल तर बरोबर खाली. सगळं एकाच बिंदूला बांधलं की गल्ली सपाट होते आणि घरं उगाच कललेली वाटतात. क्रितात असिस्टंट टूलने दोन वेगळे लोपबिंदू लावता येतात, ब्रश त्यांना चिकटून चालतो. प्रोक्रिएटच्या ड्रॉइंग गाइडमध्ये तीनपर्यंत बिंदू मिळतात.

पेडण्याचो
शनिवार, रात्री 10:20

कॅसिनोच्या बोटी पण पर्स्पेक्टिव्हमध्ये काढायच्या का, की निसर्गचित्र म्हणून गाळायच्या? 😀

चिरेबंदी
शनिवार, रात्री 10:26

गाळा नाहीतर ठेवा, पण रात्रीचं चित्र असेल तर त्यांचे पाण्यावरचे दिवे आयते मिळतात. मी ठेवतो. मांडवी आज जशी आहे तशी.

दर्याकांठ
रविवार, सकाळी 6:55

पाण्याचं प्रतिबिंब या विषयावर माझा जुना राग आहे. लोक काठाचा थर कॉपी करतात, उलटा करतात, ब्लर मारतात आणि मोकळे होतात. लांबच्या काठाला ते खपून जातं. जवळ काही असलं की नाही.

प्रतिबिंबात दिसतं ते पाण्याच्या पातळीखाली, तुमच्या डोळ्याइतकं खोल बसून वर पाहिल्यावर दिसेल ते. होडीच्या कडेची खालची बाजू तुम्हाला वरून दिसत नाही, पाण्यात दिसते. बांदामागे माड असतील तर पाण्यात ते बांदामुळे जास्त झाकले जातात, म्हणून वरच्यापेक्षा खालचा माड आखूड. चिरेबंदींनी सांगितलेली डोळ्याची उंची इथेही कामाला येते.

पायाशी पाणी जवळजवळ उभं पाहतो तेव्हा तळ दिसतो, चिखल दिसतो. लांब नजर तिरपी होत जाते तसं पाणी आरसा होतं. म्हणजे एकाच नदीत जवळ मातकट आणि लांब आकाश. हे संक्रमण पकडलं तर वेगळं काही न करता पाणी आडवं पडतं. आणि खाजनातलं पाणी गढूळ, त्यामुळे गडद झाडाचं प्रतिबिंब झाडाइतकं काळं कधीच नसतं, मातीचा रंग त्यात मिसळतो. उलट देवळाची किंवा चर्चची पांढरी भिंत पाण्यात थोडी मळकी होते.

लाट असेल तर प्रतिबिंब आपल्याकडे लांबत येतं. आडवं पसरत नाही. सूर्यास्ताचा सोनेरी पट्टा म्हणूनच उभा दिसतो.

सत्तरीकर
रविवार, सकाळी 9:30

हे फार चांगलं लिहिलंय. मी डोंगरातला, पाण्याच्या वाटेला जात नव्हतो. आता व्हाळ (ओढा) तरी काढून बघतो.

पिसोळें
रविवार, दुपारी 1:05

सावल्यांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. पणजी साधारण 15.5 अंश उत्तरेला. मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. सावली पायाखाली. ऑगस्टमध्ये ढगांमुळे कळत नाही, पण मेमध्ये माडाची सावली झावळ्यांच्या गोल ठशासारखी बुंध्याभोवती पडते. तीही घड्याळाच्या बाराला नाही. आपली खरी दुपार ऋतूप्रमाणे सव्वाबारा ते पाऊणच्या दरम्यान. डिसेंबरअखेर दुपारचा सूर्य जेमतेम 51 अंश चढतो, दहा मीटरच्या माडाला आठ मीटर सावली, तीही उत्तरेकडे.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडीकडे पाहणं म्हणजे उत्तरेकडे पाहणं. हिवाळ्यात दुपारी सूर्य पाठीशी, सपाट उजेड, रंग खुलतात पण उठाव कमी. दिवाडीवरून जुन्या गोव्याकडे वळलात की सगळं उजेडाच्या विरुद्ध, बुरूज आणि मनोरे नुसत्या आकृत्या. कुठल्या काठावर बसायचं इथूनच चित्र सुरू होतं.

आणि सूर्य चित्रात असेल, म्हणजे समजा कोलव्याचा सूर्यास्त, तर वाळूवरच्या सगळ्या सावल्या क्षितिजावर सूर्याच्या बरोबर खालच्या बिंदूतून निघून आपल्याकडे पसरतात. एकमेकींना समांतर काढल्या की चूक लगेच दिसते.

ज्यांना गणित नको त्यांनी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये साधे ठोकळे उभे करावेत. 'सन पोझिशन' नावाच्या ॲड-ऑनमध्ये अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ टाका, सावल्या तोच मांडून देतो. त्यावरून मग हाताने रंगवा.

जुना ब्रश
रविवार, संध्याकाळी 7:40

वाचतोय सगळं. मी तैलरंगातला, टॅबलेट मुलीने दिला म्हणून इथे. ठोकळे, असिस्टंट, ॲड-ऑन, ठीक आहे. पण तरुणांची चित्रं बघताना मला त्रास होतो तो कडांचा. प्रत्येक कड सारखीच धारदार. लेयर वेगळे ठेवण्याची ही शिक्षा आहे, प्रत्येक वस्तू कात्रीने कापलेली. छायेतला बुंधा छायेतल्या मातीत हरवू दे ना. जिथे नजर थांबवायची तिथे एक-दोन कडा टोकदार, बाकीच्या सोडून द्या. सगळ्या थरांवर सरळ एक नवा लेयर घेऊन, खालचं एकत्र उचलणारा स्मज ब्रश घेऊन कडा मोडा. लेयर वाचवायच्या नादात चित्र घालवू नका.

आणि पणजीत असाल तर फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेकडचा त्रिंदादच्या चित्रांचा संग्रह पाहून या. आंतोनियो शावियेर त्रिंदाद, 1870 साली सांग्यात जन्म, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकवलं, 1935 मध्ये गेले. पडद्यावर झूम करून नका बघू. चार पावलं मागे जा, मग नाकाजवळ जा, मग पुन्हा मागे. चित्रकार दिनानाथ दलालही गोव्याचेच, मडगावचे. छपाईच्या मोजक्या शाईत त्यांची चित्रं उठून दिसायची, रंग कमी असल्याने कोणाचं अडत नाही.

खाजनकाठ
रविवार, रात्री 8:15

काका, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा. कडांबद्दल मी लिहायलाच हवं होतं.

पेडण्याचो
रविवार, रात्री 8:50

एआयला "गोवा लँडस्केप, डेप्थ, गोल्डन लाइट" सांगितलं की एका मिनिटात होतं. एवढा खटाटोप कशाला? (मारू नका, विचारतोय.)

दर्याकांठ
रविवार, रात्री 9:04

करून पाहिलंय. उजेड डावीकडून, सावली पण डावीकडे. वर केरळची हाउसबोट मांडवीत.

मळेकर
रविवार, रात्री 9:22

त्यात आणखी एक बघा. तांबडी माती आजूबाजूच्या सगळ्यावर रंग फेकते. चिऱ्याच्या (तांबड्या जांभा दगडाच्या) आवारात पांढरी भिंत असेल तर दुपारी तिचा खालचा हातभर भाग नारिंगी झाक घेतो, वळचणीखालची छाया खालून उजळते, आणि वरची छाया आकाशामुळे निळसर राहते. एकाच भिंतीवर सावलीचे दोन रंग. पाऊस पडून चिरा भिजला की दगड गडद होतो आणि ही झाक कमी होते. असलं काही मी तरी त्या यंत्राच्या चित्रात पाहिलेलं नाही. पुढे येईलही, पण मला ते अंगणात बसून बघायलाच आवडतं.

नवशिका
सोमवार, रात्री 9:10

वेगळा प्रश्न विचारू का? माझ्या चित्रात संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसतात. लॅपटॉपवर थोडे, व्हॉट्सॲपवर पाठवलं की फारच. ब्रश मऊच वापरतो.

पिसोळें
सोमवार, रात्री 9:35

ब्रशचा दोष नाही. आठ बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या. आकाशात रंग अगदी थोडा बदलतो पण जागा मोठी व्यापतो, मग एकेक पायरी रुंद पट्टा होऊन दिसते. क्रितात नवी फाइल करतानाच 16 बिट निवडा. बाहेर काढण्याआधी आकाशावर अगदी हलका नॉइज टाका, पट्टे मोडतात. व्हॉट्सॲप चित्र दाबून पाठवतं, तिथे फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

कुळागरची सून
मंगळवार, दुपारी 3:18

मी तीन छटांचं करून पाहिलं, पहिल्यांदाच पाट पाट वाटतोय. जरा नीट करून चतुर्थीला ए-थ्री प्रिंट काढून घरात लावायचा विचार आहे. फाइल केवढी घेऊ?

खाजनकाठ
मंगळवार, संध्याकाळी 6:02

ए-थ्रीसाठी 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) 3508 बाय 4961 पिक्सेल. लॅपटॉप रडायला लागला तर आधी निम्म्या मापावर छटा आणि मांडणी करून घ्या, मग मोठी करा. बारीकसारीक काम नंतरच. रंग एसआरजीबी या नेहमीच्या कलर प्रोफाइलमध्ये ठेवा, आणि छापायला देण्याआधी लॅपटॉपचा ब्राइटनेस उतरवून एकदा बघा. पडदा स्वतः उजेड देतो, कागद देत नाही, त्यामुळे कुळागरासारखं गडद चित्र छापल्यावर आणखी काळवंडतं. छायेचा भाग थोडा उचलून ठेवा आणि आधी ए-फोरवर एक तुकडा छापून घ्या. तीन छटांचं ते चित्र इथेही टाका, मळेकर काकांना बघायचं असेल.

मळेकर
मंगळवार, संध्याकाळी 6:40

बघायचंच आहे. पाटाच्या काठाला अळू काढलंय की नाही, आधी ते सांगा.